थरथरतंय काय?

हलगी गार असली की बोलत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात वरात किंवा जत्रेची मिरवणूक निघायच्या आधी वाजवणारे कडेला पालापाचोळा, कागद, चिपाडं गोळा करून जाळ करतात आणि हलगीचं तोंड त्यावर धरून फिरवत राहतात. मधूनच टिचकी मारून बघतात. आधी ‘थप्प’ असा ओलसर, दबका आवाज येतो. कातड्यातला दमटपणा जातो, ते ओढ घेतं, तसा आवाज चढत जातो आणि एका टिचकीला हलगी खणकन बोलते. जाळाभोवती उभी असलेली पोरं हे दरवर्षी बघतात. कातडं जितकं ताणलेलं, तितका स्वर वरचा, हे त्यांना शाळेत यायच्या आधीच ठाऊक असतं.

त्याच हलगीवर मूठभर ज्वारी टाकून बघावी. हलगी आडवी धरायची, दाणे पसरायचे आणि कडेला हलकेच काडी मारायची. दाणे टुणटुण उडतात. जोरात मारलं की उंच उडतात, कातड्यावर तळहात टेकवला की जागच्या जागी बसतात आणि आवाजही बसतो. डोळ्यांना दिसत नाही एवढी थरथर ज्वारीच्या दाण्यानं दाखवून दिलेली असते. या प्रयोगाला खर्च नाही, वीज लागत नाही आणि पहिलीच्या मुलालाही तो समजतो. यानंतर कुठलंही वाद्य समोर आलं तरी मुलांनी एकच प्रश्न विचारायचा: इथं थरथरतंय काय?

पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्राची ओळख मुलांना करून द्यायची तर याच प्रश्नानं करून द्यावी.

‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाचा आधी उलगडा करायला हवा. धाराशिव, तुळजापूर, उमरग्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत किंवा जत्रेत रात्री रंगमंचावर होणारा सिनेगीतांचा कार्यक्रम: दोन-तीन गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि निवेदक. सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणजे ऐंशी ते शंभर वादकांचा वाद्यवृंद. प्रत्येकाच्या पुढ्यात स्वरलिपीचा कागद, समोर चौथऱ्यावर हातात छडी घेऊन उभा असलेला संचालक. मध्ये माइक नाही, गायक बहुधा नसतोच. शंभर माणसं एकाच वेळी वाजवतात आणि तरी गोंगाट होत नाही, याचं एक मोठं कारण बसण्याच्या व्यवस्थेत आहे. तिथं वाद्यं घराण्या-घराण्यानं बसतात. तारांचं घराणं पुढं, लाकडी फुंकवाद्यं मध्यात, त्यांच्यामागं पितळी वाद्यं आणि सगळ्यात मागं ठोकायची, आपटायची, बडवायची वाद्यं. पन्नास-साठ तंतुवादकांसमोर तुताऱ्या, म्हणजे ट्रम्पेट, दोन किंवा तीनच असतात. एकटं व्हायोलिन आवाजानं नाजूक. ट्रम्पेट एकटंच सभागृह भरून टाकतं.

हा हिशेब वारकऱ्याच्या घरातल्या मुलाला सांगावा लागत नाही. आषाढीला तेरहून गोरोबाकाकांच्या नावानं दिंडी पंढरपूरला निघते. दिंडीत वीणा एक, मृदंग एखाददुसरा आणि टाळकरी रांगेनं. वीणेकरी मध्ये, मृदंग त्याच्या जवळ, टाळकरी दोन बाजूंनी समोरासमोर. कुणी कुठं उभं राहायचं हे ठरलेलं आहे आणि ते आवाजाच्या सोयीनं ठरलेलं आहे.

आता घराण्यांबद्दल. ऑर्केस्ट्रात चार घराणी मानतात: तंतुवाद्यं, लाकडी फुंकवाद्यं, पितळी फुंकवाद्यं आणि आघातवाद्यं. भरताच्या नाट्यशास्त्रातही चारच. अठ्ठाविसाव्या अध्यायात तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे वाद्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. तत म्हणजे तारेचं, अवनद्ध म्हणजे कातड्यानं मढवलेलं, घन म्हणजे भरीव, स्वतःच्या अंगानं वाजणारं आणि सुषिर म्हणजे पोकळ, हवेनं वाजणारं. आकडा सारखा असला तरी दोन्ही वाटण्या एक नाहीत. ऑर्केस्ट्राची वाटणी काही अंशी वाद्य कशाचं केलंय आणि ते कसं वाजवतात यावर झाली. भरताची वाटणी नेमक्या त्या प्रश्नावर उभी आहे: थरथरतंय काय? तार, कातडं, हवा की वाद्याचं अख्खं अंग?

या विचारात मराठवाड्याचाही मोठा वाटा आहे आणि तो इथल्या मुलांना सांगितलाच पाहिजे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबाचं काम बघणाऱ्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. घराणं मूळचं काश्मीरचं, ग्रंथ मराठवाड्यात झालेला. त्याच्या सात अध्यायांपैकी सहावा अध्याय सबंध वाद्यांना दिलेला आहे. कुठलं वाद्य कशाचं करायचं, किती लांबीचं, कसं वाजवायचं, हे त्यात तपशिलानं येतं. हिंदुस्तानी आणि कर्नाटक, दोन्ही संगीतपरंपरा हा ग्रंथ आपला मानतात.

पुढची गोष्ट युरोपात घडली. बंगालमधले संगीताभ्यासक राजा सौरींद्र मोहन टागोर यांनी एकोणिसाव्या शतकात भारतीय वाद्यांचा एक संच बेल्जियमच्या राजाला भेट दिला. ती वाद्यं ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयाच्या संग्रहालयात आली. तिथले संग्रहपाल व्हिक्टर माइयों यांना जगभरातली वाद्यं एका यादीत बसवायची होती. युरोपातली जुनी वाटणी त्यासाठी तोकडी पडत होती. १८८० मध्ये त्यांची सूची आली, तिच्यात वाद्यांचे चार वर्ग होते आणि ते भारतीय चौकटीशी जुळणारे होते. त्याच पायावर १९१४ मध्ये एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोघांनी जी वर्गवारी मांडली, ती आजही जगभरच्या संग्रहालयांत वापरतात. तेव्हा धाराशिवच्या मुलांना ऑर्केस्ट्रा समजावताना भरत आणि शार्ङ्गदेव यांची नावं अभिमानापोटी घुसडावी लागत नाहीत. ती त्या विषयातच आहेत.

सुरुवात फुंकवाद्यांपासून केली तर मुलं लगेच रमतात, कारण वाद्य तिथल्या तिथं करता येतं. शीतपेयाची प्लास्टिकची नळी घ्यायची. एक टोक दातांनी चांगलं चपटं करायचं आणि कात्रीनं दोन्ही बाजूंनी तिरपं कापून त्याला चोच काढायची. चोच ओठांत धरून जोरात फुंकलं की नळी ‘पें’ करून ओरडते. पहिल्या फटक्यात जमत नाही. चोच अजून चपटी करावी लागते. जमल्यावर फुंकता फुंकताच दुसऱ्या टोकाकडून कात्रीनं तुकडे छाटत जायचं. नळी आखूड होईल तसा स्वर चढत जातो. वर्ग हसून लोटपोट होतो आणि त्या हसण्यातच दोन गोष्टी समजतात. चोचीची दोन पानं एकमेकांवर आपटतात म्हणून आवाज होतो. नळीतला हवेचा खांब किती लांब, यावर तो वरचा की खालचा ते ठरतं. आंब्याची कोय घासून पिपाणी केलेल्या पोराला यातलं अर्धं आधीच माहीत असतं.

सनई हीच. तिच्या तोंडाशी दोन पानांची पत्ती असते आणि जादा पत्त्या दोऱ्याला बांधून सनईलाच लोंबत ठेवलेल्या असतात, कारण पत्ती कधी दगा देईल सांगता येत नाही. सोलापूर-अक्कलकोटकडच्या जाधव घराण्यानं नावारूपाला आणलेली सुंदरी म्हणजे सनईचीच धाकटी बहीण. ऑर्केस्ट्रातलं ओबो याच कुळातलं. पश्चिम आशियातली दुहेरी पत्तीची वाद्यं मध्ययुगात युरोपात पोचली, त्यांतून तिथं शॉम नावाचं कर्कश वाद्य रुजलं आणि सतराव्या शतकात फ्रान्समध्ये त्याला मऊ, घरात ऐकण्याजोगा आवाज देऊन ओबो तयार झालं. आजही कार्यक्रमापूर्वी सगळा ऑर्केस्ट्रा ओबोकडं कान लावून सूर जुळवतो. ओबोवादक एक स्वर धरून ठेवतो, बहुधा सेकंदाला ४४० कंपनांचा, आणि शंभर वाद्यं त्याला येऊन मिळतात. भजनाला बसण्याआधी पेटीवर काळी चार धरून मृदंग लावतात, तसंच हे.

शंखाचं काय? शंखात पत्ती नाही. तिथं वाजवणाऱ्याचे ओठच थरथरतात. तुतारी, शिंग, शंख, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा: सगळ्यांमध्ये ओठ हीच पत्ती. नुसत्या ओठांनी घोड्यासारखं ‘फुर्रर्र’ करता येणाऱ्या मुलाला ट्रम्पेटचं मर्म कळलं म्हणून समजावं. फ्रेंच हॉर्नची गुंडाळलेली नळी सरळ केली तर जवळजवळ पावणेचार मीटर भरते, हे सांगितल्यावर वर्गात दोरी धरून ती लांबी मोजून बघण्याचा आग्रह मुलं धरतातच.

फसवणारं कोडं इथंच घालावं. ऑर्केस्ट्रातली बासरी बहुधा चांदीची किंवा दुसऱ्या धातूची असते, तरी तिला लाकडी घराण्यात बसवतात. सॅक्सोफोन चकचकीत पितळेचा, बँडवाल्यांच्या हातात बघितलेला. तोही लाकडी घराण्यातलाच मानतात, कारण त्याच्या तोंडाशी क्लॅरिनेटसारखी एकेरी पत्ती आहे. अडोल्फ साक्स यांनी १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. उलट शंख शिंपल्याचा असूनही ट्रम्पेटचा भाऊ. ही नावांची गडबड मुलांपासून लपवू नये. मोठ्यांनी केलेल्या वाटणीतही फट असते हे कळलं की मुलं ती शोधायला लागतात, आणि शोधणारं मूल वाद्य विसरत नाही.

तुळजापूरला भल्या पहाटे देवीच्या चरणतीर्थाच्या वेळी चौघडा वाजतो. दिवसभर संबळ वाजत असतो. ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात संबळाचा कडकडाट मिसळला की माणसाच्या छातीत काहीतरी हलतं, आणि ते खरोखरच हलतं, खालचे सूर कानाबरोबर अंगालाही जाणवतात. संबळ म्हणजे दोन भांडी: एक उंचेलं, दुसरं पसरट, तोंडं कातड्यानं आवळलेली. गोंधळी ते कमरेशी बांधून काठ्यांनी वाजवतो, त्यातल्या एका काठीचं टोक वळवलेलं असतं. एका भांड्याचा आवाज चढा, दुसऱ्याचा घुमारदार. ऑर्केस्ट्रात सगळ्यात मागं तांब्याच्या मोठ्या वाट्यांसारखी चार-पाच वाद्यं मांडलेली दिसतात, त्यांना टिंपनी म्हणतात. हे संबळाचे आणि नगाऱ्याचे दूरचे नातेवाईकच. अरबी ‘नक्कारा’ हा शब्द आपल्याकडं नगारा झाला आणि धर्मयुद्धांच्या काळात युरोपात जाऊन जुन्या फ्रेंच-इंग्रजीत ‘नाकेर’ झाला. घोड्यावर लादलेल्या मोठ्या नगाऱ्यांच्या जोड्या पुढं तुर्कांकडून तिकडं गेल्या आणि लष्करातून हळूहळू ऑर्केस्ट्रात शिरल्या. हलगीवाला जाळावर जे साधतो ते टिंपनीवादक पायाखालच्या पट्टीनं साधतो: पट्टी दाबली की पडदा ताणला जातो, स्वर चढतो.

मृदंग याहून पुढचा. कीर्तनाआधी मृदंगाच्या डाव्या तोंडावर कणकेचा ओला गोळा थापताना मुलांनी बघितलेलं असतं. उजवीकडं शाईचा काळा गोल असतो. हे कशासाठी, हा प्रश्न सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही पडला होता. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे वेगवेगळे सूर एकमेकांशी मेळ खात नाहीत, म्हणून ढोल नुसता दणाणतो. मधोमध शाईचं वजन दिलं की ते सूर तारेच्या सुरांसारखे ओळीत येतात आणि वाद्य गायला लागतं. रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० मध्ये यावर लिहिलं आणि पुढं १९३० च्या दशकात पुन्हा सविस्तर मांडलं. या बाबतीत टिंपनीपेक्षा मृदंग सरस आहे, असं मुलांना बेलाशक सांगावं. ऑर्केस्ट्राची ओळख म्हणजे ऑर्केस्ट्रापुढं मान तुकवणं नव्हे.

घन वाद्यांची तर शाळेत रेलचेल असते. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या कपाटात लेझमा असतात. प्रजासत्ताक दिन आला की त्या बाहेर येतात आणि मैदान झणझणून जातं. टाळ, झांज, घंटा, घुंगरू हे सगळं याच घराण्यातलं. तेरच्या गोरा कुंभारांचं, म्हणजेच गोरोबाकाकांचं, तर काय सांगावं: भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारून ते पक्कं की कच्चं ओळखायचं, ही कुंभाराची परीक्षा आणि संतांची मडकी पारखल्याची कथा, दोन्ही त्यांच्या नावाशी जोडलेल्या आहेत. वाद्यांच्या तासाला कुंभाराकडची दोन मडकी आणावीत, एक धड आणि एक चिरलेलं. मुलांनी डोळे मिटून नुसत्या आवाजावरून चिरलेलं ओळखायचं. एकही मूल चुकत नाही. अख्खं अंग थरथरायला हवं. चीर गेली की थरथर तिथंच अडते.

युरोपीय ऑर्केस्ट्रात झांजा, मोठा ढोल आणि त्रिकोणी घंटा अठराव्या शतकात तुर्की लष्करी बँडच्या नकलेतून आल्या. मोझार्टनं १७८२ च्या आपल्या संगीतिकेत त्या वापरल्या. बेथोव्हेननं १८२४ मध्ये नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात तर कूच करणाऱ्या फौजेचा देखावाच त्यांच्यावर उभा केला. आज जगभर गाजलेल्या झिल्जियन झांजांचं घराणंही १६२३ मध्ये इस्तंबूलमध्ये सुरू झालेलं. म्हणजे युरोपचा म्हणून जो ऑर्केस्ट्रा दाखवायचा, त्याचं ओबो, टिंपनी आणि झांजा ही सगळी पूर्वेकडून चालत गेलेली मंडळी आहेत.

अडचण येते ती तारेच्या घराण्यापाशी. ऑर्केस्ट्रात हेच सगळ्यात मोठं आणि शाळेच्या कपाटात हेच नसतं. ढोल आहे, ताशा आहे, लेझीम आहे, कुठं पेटी आहे, तार नाही. ती उणीव कंपासपेटी आणि रबरबँडनं भागवता येते. उघड्या कंपासपेटीवर तीन रबर ताणायचे, जाड, मध्यम आणि बारीक, आणि छेडायचे. मग तेच रबर नुसते दोन बोटांत ताणून छेडायचे. आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तार स्वतः फार हळू बोलते; तिचं म्हणणं लाकूड, भोपळा किंवा डबा मोठ्यानं सांगतो. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूरच्या परिसरात पिकतात, हे ऐकून मुलांना नवल वाटतं. ज्या रानात भाजी पिकते तिथंच वाद्याचं पोटही पिकतं.

व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास हे चौघे म्हणजे एकाच घरातली चार उंचीची माणसं. व्हायोलिन हनुवटीखाली मावतं, डबल बास वादकाच्या डोक्याच्याही वर जातो. मुंबईत १९३६ मध्ये जन्मलेले आणि पुढं न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, इस्राएल इथल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांचं संचालन केलेले झुबिन मेहता व्हिएन्नात विद्यार्थी असताना हा डबल बासच वाजवायचे. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. या चारही वाद्यांना गज लागतो. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात आणि त्यांना राळ चोळलेली असते. राळ नसली तर केस तारेवरून नुसते घसरतात, आवाज निघतच नाही. राळेमुळं केस तारेला चिकटतो, ओढतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्यातून तो लांबलचक, न तुटणारा सूर निघतो. दारावर किंगरी वाजवत येणारे नाथजोगी ज्यांना आठवतात, त्या आजी-आजोबांनी गज बघितलेला आहे. नातवंडांनी तो बहुधा पडद्यावरच बघितलाय.

कानांनी मात्र भरपूर ऐकलाय. २०१६ सालचा ‘सैराट’ धाराशिव जिल्ह्यातल्या पोरांना तोंडपाठ आहे. परांड्याला लागून असलेल्या करमाळ्याच्या मातीतलाच तो सिनेमा. अजय-अतुल यांनी त्याचं संगीत अमेरिकेत जाऊन, हॉलिवूडच्या ध्वनिमुद्रणगृहात तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं. ‘याड लागलं’ लावावं आणि मुलांना सांगावं, शब्द सोडून द्या, मागचं ऐका. गाण्याच्या मधल्या जागांत व्हायोलिनांची लाट कशी वर येते, तिच्याखाली जाड तारा कशा धरून आहेत, फुंकवाद्यं कुठं डोकावतात. जे गाणं शेकडो वेळा ऐकलं त्यात पहिल्यांदाच माणसं दिसायला लागतात. त्याआधीही दोन-तीन पिढ्यांनी हिंदी-मराठी सिनेमातून ऑर्केस्ट्रा ऐकलाच होता. त्यातली किती व्हायोलिनं आणि ट्रम्पेटं गोव्याच्या वादकांच्या हातची होती. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडं.

खास मुलांसाठी लिहिलेल्या रचनाही आहेत आणि त्या मोबाइलवर मिळतात. सर्गेई प्रोकोफिएव्ह यांचं ‘पीटर अँड द वुल्फ’ मॉस्कोत १९३६ मध्ये पहिल्यांदा वाजलं. साधारण अर्ध्या तासाची गोष्ट, निवेदक ती सांगतो आणि प्रत्येक पात्राचं वाद्य ठरलेलं: पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, कुरकुरणाऱ्या आजोबांना बॅसून, लांडग्याला तीन हॉर्न, पीटरला तारा, शिकाऱ्यांच्या बंदुकांना टिंपनी आणि मोठा ढोल. निवेदन मराठीत शिक्षकानं स्वतः करावं, पीटरचं नाव बदलून गावातलं ठेवलं तरी बिघडत नाही. बेंजामिन ब्रिटन यांनी १९४५ मध्ये एका शैक्षणिक चित्रपटासाठी ‘द यंग पर्सन्स गाइड टू द ऑर्केस्ट्रा’ रचलं. त्यात हेन्री पर्सेल या सतराव्या शतकातल्या रचनाकाराची एकच धून आधी सगळे मिळून, मग चारही घराणी वेगवेगळी आणि मग एकेक वाद्य वाजवतं. लहान मुलांसाठी आधी प्रोकोफिएव्हच घ्यावा. ब्रिटनची रचना उत्तम आहे, पण गोष्ट नसल्यानं सातवी-आठवीनंतर ती जास्त पोचते.

प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रा बघायचा तर मुंबई गाठावी लागते. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ मध्ये स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. धाराशिवपासून ते अंतर सुमारे ४०० किलोमीटर, आणि खर्च बहुतेक शाळांच्या आवाक्याबाहेरचा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचं दालन आहे. सहल पुण्याला जाणारच असेल तर तिथला एक तास वाया जाणार नाही. पण तुळजापूर, तेर आणि गावातली जत्रा तर घराजवळच आहे.

तिथं एक गाठ मात्र सोडवावी लागेल. आपल्याकडं वाद्यांना जाती चिकटल्या. हलगी कुणी वाजवायची, संबळ कुणी, सनई कुणी, हे जन्मानं ठरलं. ज्यांच्या हलगीशिवाय मिरवणूक निघत नव्हती त्यांनाच मिरवणुकीत मान नव्हता. म्हणून वर्गात वाद्य नुसतं दाखवू नये. ते प्रत्येक मुलाच्या हातात द्यावं, प्रत्येक मुलीच्याही. गावातल्या हलगीवाल्यांना, गोंधळ्यांना गुरुजी म्हणून बोलवावं, खुर्ची द्यावी, मानधन द्यावं. युरोपच्या ऑर्केस्ट्राचाही इतिहास यात निर्मळ नाही: व्हिएन्ना फिलहार्मोनिकसारख्या नामांकित वाद्यवृंदानं बायकांना पूर्ण सदस्यत्व दिलं ते १९९७ मध्ये. मुलांना हेही सांगावं. व्हायोलिन कुणीही शिकावं म्हणणाऱ्या घरात हलगीला हात लावायला संकोच वाटत असेल, तर तो संकोच पोरांच्या हाती सोपवू नये.

गोंधळी वर्गात आले की त्यांच्याबरोबर तुणतुणंही येतं. लाकडाचं पोकळ नळकांडं, त्याचं बूड कातड्यानं मढवलेलं, बाजूला काठी, काठीला खुंटी आणि कातड्याच्या मध्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. कातडं आहे म्हणून अवनद्ध म्हणावं, तर तार छेडल्याशिवाय ते वाजत नाही. तारेचं म्हणावं, तर बोलतं कातडं. देवीच्या जोगत्यांचं चौंडकंही याच जातीचं. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ मध्ये अशा वाद्यांना ढोलांच्या वर्गात टाकलं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी ते चूक ठरवून त्यांना तारांच्या घरात ओढायला सुरुवात केली. वाद मिटलेला नाही.

एकानं तार छेडावी, दुसऱ्यानं बुडाच्या कातड्यावर बोट टेकवावं. बोटाला मुंग्या येतात. मग बोट काढून तारेवर हलकंच ठेवावं. तिथंही मुंग्या येतात.

‘गुरुजी, तार!’ असं एक बाक म्हणतं. ‘नाही हो, कातडं!’ दुसरं बाक म्हणतं. तेवढ्यात मागून कुणीतरी खुंटी पिळतं, स्वर चढतो आणि तुणतुणं पुन्हा हातोहात फिरायला लागतं.